डोळ्याच्या कडेने

ईशान, मुक्ता,

आत्याआजी गेल्याचं कळल्यावर मुक्ता, तू फोनवर मला एकच गोष्ट विचारलीस. ‘आजी, त्यांना मी आवडत नव्हते का? व्हिडिओवर त्या माझ्याकडे कधी बघायच्याच नाहीत.’ घरात माणसं होती, मला उत्तर देता आलं नाही. आता तेरवी झाली, पाहुणे परतले, हरभऱ्याची पेरणीही उरकली. घर रिकामं आहे आणि तुझा प्रश्न तसाच पडून आहे, म्हणून आज लिहायला बसले.

आणखी एक कारण आहे. आत्याआजीचं आणि माझं रक्ताचं नातं नव्हतं, तुमचं आहे. त्या तुमच्या आजोबांच्या सख्ख्या थोरल्या बहीण. त्यांच्या डोळ्यांना जे झालं ते कधीकधी घराण्यात उतरतं, असं डॉक्टरांनी आम्हाला स्पष्ट सांगितलं होतं. तुमचे बाबा आता पन्नाशीच्या पुढे गेले आहेत आणि डोळे दाखवायचं दर वेळी पुढे ढकलतात. माझं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील.

पण हे सगळं तुम्हाला समजावून सांगायला लागले की माझा आवाज वर्गात शिकवत असल्यासारखा होतो. म्हणून मी त्यांच्याशीच बोलते. तुम्ही शेजारी बसून ऐका.

*

ताई, आपलं शेवटचं भांडण अर्धवट राहिलं. ते मुलांना कळायचं तर सुरुवातीपासून सांगावं लागेल, तेव्हा जरा धीर धरा. ‘झालं मास्तरीनबाईचं सुरू, आधी पाया, मंग भिंत,’ असं तुम्ही म्हणाल. म्हणा. कोणी तरी म्हणायला हवं.

लग्न होऊन मी अमरावतीहून आसेगावात आले तेव्हा तुम्ही मला पहिल्यांदा शेतातच नीट दिसलात. पेरणीचा दिवस होता. शेताच्या पार पलीकडच्या धुऱ्यावर, बांधावरच्या पळसाखाली, एक हात वर करून तुम्ही उभ्या होता आणि इकडून तिफणवाला तुमच्यावर नजर ठेवून बैल हाकत होता. मला वाटलं, नव्या वहिनीला हात करताहेत. मीही हात हलवला. सगळं शेत हसलं. मग कोणी तरी सांगितलं, की पेरणीचं पहिलं तास सरळ यावं म्हणून ताई खूण होऊन उभ्या राहतात. पहिली ओळ सरळ आली की बाकीच्या तिच्या मागोमाग येतात. ओळी वाकड्या आल्या तर पुढे त्यांच्यामधून तण काढायचा डवरा फिरवताना पीकच कापलं जातं. तास निघालं की तुम्ही खाली वाकायचात, डावा डोळा मिटायचात आणि उजव्याने त्या ओळीकडे बंदुकीच्या नेमासारखं बघायचात. तुम्ही ‘हाव’ म्हटलं की पुढची पेरणी.

सासरहून विधवा होऊन परत आलेली बाई भावाचं शेत बघते, याला गावाने फार नावं ठेवली असतील. माझ्या कानावर कधी काही आलं नाही. तो डोळा मिटला की सगळे गप्प बसायचे. मी मंगरूळपीरच्या कॉलेजात इंग्रजी शिकवू शकले, कारण माझं पोर तुमच्या कडेवर वाढलं. याबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. आपल्याकडे घरातल्या माणसाचे आभार मानत नाहीत, ही एक सोयीची रीत आहे. आता गैरसोयीची वाटते.

भांडण सुरू झालं ते गजाननावरून. गजानन आपल्या शेजारच्या आळीतला. स्वतःची जमीन थोडी, पण बैलजोडी देखणी, आणि हात असा की ट्रॅक्टर दारात असलेली माणसंही पेरणीला त्याची तिफण बोलवायची. आपलं शेत तर वर्षानुवर्षं तोच पेरायचा. त्या वर्षी सोयाबीनचं पहिलं तास निघालं, तुम्ही वाकलात, डोळा मिटलात, आणि ताडकन उभ्या राहिलात.

“काय गा गज्या, सकाळीच घेऊन आला का? सापावानी चाललं तुहं तास!”

“मोठी माय, कायले मजाक करतं? सुतावानी हाय.”

“मले शिकवतं? मधात फुगलं पाय ते!”

मजूर बाया होत्या, शेजारचे शेतकरी होते. गजाननाने परत जाऊन पाहिलं, मला बोलावलं. मी दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहिलं. मला ओळ सरळच दिसली आणि मी तसं म्हटलंही. “तुले पुस्तकाची वळ समजते, वावराची नाई,” असं तुम्ही मला सगळ्यांदेखत सुनावलंत आणि पहिल्याच तासावर त्याची तिफण सोडवलीत. गजाननाने बैलांच्या पाठीवरून हात फिरवला आणि निघून गेला.

गावाला टोपणनाव मिळायचा अवकाश. ‘वाकड्या’ म्हणू लागले त्याला. आधी गमतीने, मग खरंच. मोठ्या मायने काढलेला माणूस आपण कशाला बोलवायचा, असं लोकांना वाटू लागलं. वर्षभरात त्याने बैल विकले आणि बायकोपोरांना घेऊन पुण्याला बांधकामावर गेला.

पुढल्या वर्षी दुसऱ्याने पेरलं. तेही वाकडं. तिसऱ्याला बोलावलं, तेही वाकडं. “साऱ्या गावाचा हात बिघडला,” म्हणून तुम्ही चिडचिड करत होता. नव्या दाराची चौकटही तुम्हाला पोटातून वाकलेली दिसायची आणि सुताराला शिव्या बसायच्या. मी एकदा म्हटलं, ताई, चष्म्याचा नंबर बदलला असेल. तुम्ही म्हणालात, “चष्म्यानं धूसर दिसते, वाकडं नाई.” मला ते पटलं. इतकं नेमकं बोललात तुम्ही, की मला पटलं.

मग तो मळणीचा दिवस. उजव्या डोळ्यात भुशाचं कुटार गेलं म्हणून तुम्ही पदराची पट्टी बांधून घेतली आणि तशाच शेताला फेरी मारून आलात. पाणी दिलं, प्यायला नाहीत. मग म्हणालात, “वयनी, आज डाव्या डोळ्यानं पाह्यलं. हरभऱ्याचे तासं सरळ हायेत. डोळा वाकडा हाय.”

एरवी तुम्ही मला नावाने किंवा मास्तरीणबाई म्हणून हाक मारायचात. वयनी म्हणालात तेव्हा मला कळलं की तुम्ही घाबरला आहात.

आपण अकोल्याला गेलो. मुलांनो, तिथे एक यंत्र असतं. हनुवटी टेकवायची, कपाळ पट्टीला लावायचं आणि आतल्या हिरव्या चांदणीकडे बघत राहायचं. ते न कापता डोळ्याच्या पडद्याचा उभा छेद काढून दाखवतं. “आजी, चांदणी दिसते ना?” असं विचारल्यावर ताई, तुम्ही म्हणालात, “चांदनी कुठची बाप्पा, मधात नुसता धूर हाय.” यंत्रावरची मुलगी हसली आणि मग एकदम हसायची थांबली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी पडदा आपल्याकडे वळवला. करड्या रंगाचे पापुद्रे, एकावर एक. त्यांनी आधी निरोगी डोळ्याचं चित्र दाखवलं. त्यात मधोमध एक उथळ खळगा होता, अंगठ्याने हळूच दाबल्यासारखा. आपण वाचतो, सुई ओवतो, माणसाचं तोंड ओळखतो ते सगळं त्या खळग्याने, असं त्या म्हणाल्या. मग तुमचा उजवा डोळा लावला. खळग्याच्या जागी उंचवटा होता. पापुद्रे खालून उचलले गेले होते, त्यांच्याखाली काळी पोकळी होती आणि तिच्या शेजारी पांढरट, घट्ट गोळा.

तुम्ही बाजूच्या नजरेने बराच वेळ बघितलंत. “हे तं आपल्या हिरीच्या कडावानी दिसते. वर काळी माती, मंग मुरूम, मंग खडक. आन् हे काळं काय हाय? पानी लागलं?”

“पाणीच लागलंय आजी. पडद्याखाली नको त्या रक्तवाहिन्या फुटतात आणि पाझरतात. पडदा उचलला जातो, म्हणून सरळ ओळ फुगलेली दिसते.”

“पानी लागावं म्हनून जिंदगीभर खोदत राह्यलो,” तुम्ही म्हणालात, “लागलं तं कुठी लागलं!”

डॉक्टरीणबाईही हसल्या. मी हसले नाही. मी तो पांढरा गोळा बघत होते. त्याला वण म्हणतात, तो धरायला वेळ लागतो आणि एकदा धरला की जात नाही, हे त्यांनी मला इंग्रजीत सांगितलं होतं. डाव्या डोळ्यात पाणी नव्हतं, पण सगळ्यात खालची रेघ खडबडीत होती, चादरीखाली ओळीने वाटाणे ठेवावेत तशी. आणि मध्याच्या अगदी जवळ एका ठिकाणी पापुद्रे इतके विरले होते की उजेड आरपार खाली उतरला होता, जुन्या विरलेल्या लुगड्यातून ऊन यावं तसा. तो विरलेला भाग हळूहळू मध्यावर येणार होता. त्यावर त्या दिवशी तरी त्यांच्याकडे काही उपाय नव्हता.

परतीच्या गाडीत तुम्ही म्हणालात, वाच तो कागद. मी मराठी करून वाचला आणि डाव्या डोळ्यापाशी ‘थोडं कमी होऊ शकतं’ असं म्हटलं. तुम्ही खिडकीकडे तोंड करून म्हणालात, “तू जिथं थांबली ना, तिथंच मले समजलं. चाल, पुढचं वाच.”

मग डोळ्यात इंजेक्शनं. पहिल्या वेळी माझा हात इतका दाबलात की बांगडी पिचली. दुसऱ्या वेळी आधीच म्हणालात, “बांगड्या काढून ये.” काही महिन्यांनी परत चित्र काढलं आणि डॉक्टरीणबाईंचा चेहरा खुलला. काळी पोकळी गेली होती. उंचवटा बसला होता. पापुद्रे जवळजवळ सपाट दिसत होते.

“चित्र सुधारलं,” तुम्ही म्हणालात, “मंग मी काहून नाई सुधारली?”

पाणी आटलं, वण राहिला, असं त्यांनी सांगितलं. घरी येऊन मी तुमच्याशी वाद घातला. इंजेक्शनं घेतली नसती तर आणखी पसरलं असतं, हे माझं म्हणणं. “जे झालं नाई ते मले नको सांगू. जे झालं ते पाय,” हे तुमचं. माझं म्हणणं खरं होतं, ताई. डॉक्टरांनाही विचारा. पण तुमच्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं, हे मला आता कळतं आहे. तुम्ही डोळ्याबद्दल विचारतच नव्हता. त्या पेरणीआधी हे चित्र निघालं असतं, तर एका माणसाचे बैल त्याच्या गोठ्यात असते, हे तुमच्या मनात होतं.

मी म्हटलं, त्याला फोन लावू, आत्ता. नंबर आहे.

“फोनवर नाई. नाव चारचौघांत ठेवलं व्हतं.”

मग गावात तरी सांगून टाका की चूक तुमची होती.

“त्याच्या माघारी? थो समोर असताना बोलली व्हती मी. समोरच सांगीन. धुऱ्यावर.”

हे आपलं भांडण. पुन्हा पुन्हा तेच. तुम्ही पेरणीची वाट बघायचात आणि तो पेरणीला यायचा नाही. दोन पोळे आले नि गेले, तो गावात फिरकला नाही. आणि दरम्यान डाव्या डोळ्यातला तो विरलेला भाग मध्यावर येऊन पोचला. समोर बघितलं की माणसाच्या तोंडाच्या जागी धूर.

मुक्ता, आता तुझं उत्तर. पडद्याचा मध्य गेला तरी कडा शाबूत राहतात. आत्याआजींनी ते आपलं आपणच शोधून काढलं. माणसाकडे बघितलं तर माणूस नाहीसा होतो, त्याच्या कानापलीकडे बघितलं तर तोंड दिसतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बरोबर आहे आजी, असंच बघायला शिकायचं. तू फोनवर यायचीस तेव्हा त्या तुझ्या मागच्या कपाटाकडे बघायच्या, कारण तसं बघितलं तरच त्यांना तू दिसायचीस. फोन ठेवल्यावर मला सांगायच्या. “पोरीनं केसं कापले वं. कान मोकळे दिसते तिचे.” ईशान, तुझी दाढी त्यांना बिलकूल पसंत नव्हती. हे सगळं त्यांनी तुमच्याकडे न बघता पाहिलं होतं.

या पोळ्याला गजानन आला.

मी आत पुरणपोळ्या करत होते. बाहेर ओट्यावर तुम्ही एकट्या होता. पोळ्याच्या दिवशी बैल घेऊन माणसं दारोदार येतात, तशी येत होती, जात होती. बैल नसलेला एक माणूस आला आणि तुमच्या पाया पडला. “मोठी माय, मी गजानन,” हे मी आतून ऐकलं. माझ्या हाताला कणीक होती. मी पीठ झटकलं, चहाचं आधण ठेवलं. मनात म्हटलं, दोन मिनिटं त्यांना एकट्यांना बोलू द्यावं. पाच-पंचवीस वेळा तुम्ही मला त्याला सांगायचं ते वाक्य म्हणून दाखवलं होतं. मी कशाला मध्ये यायचं?

चहा घेऊन बाहेर आले तर तुम्ही डाव्या हाताच्या खांबाकडे तोंड करून बसला होता आणि समोर कोणी नव्हतं.

“गेला?” तुम्ही म्हणालात. “काहून गेला वं? मी त्याले नीट पाहून राह्यली व्हती. आता बोलनार, तं सावलीच हलली.”

मला लगेच समजलं. मी धावत वेशीपर्यंत गेले. या वयात जमेल तितकं धावले. तो नव्हता. त्याचा फोन लागला नाही. दुसऱ्या दिवशी कळलं, की रात्रीच्याच गाडीने तो पुण्याला परतला.

तुम्ही माझ्यावर चिडला नाहीत. म्हणालात, “दसऱ्यानंतर फोन कर त्याले. म्हनाव, मोठ्या मायनं हरभरा पेराले बोलावलं. बैल कोनाचेबी घेऊ. मी पळसाखाली उभी राह्यतो.” मी त्याच वेळी फोनवर सगळं सांगून टाकायला हवं होतं का? तेव्हा वाटलं, महिन्याभराचाच प्रश्न आहे. धुऱ्यावर तुम्हाला ते बोलताना मलाही ऐकायचं होतं.

दसरा झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन आले, तर तुम्ही उठला नाहीत.

तेरवीला तो आला, ताई. कोणी कळवलं कोण जाणे. मांडवाच्या कडेला, चपला जिथे काढतात तिथेच उभा राहिला. पंगत बसायची होती, सगळं गाव होतं. मी एम. ए. इंग्रजी, आयुष्यभर वर्गात बोलले, पण गावासमोर कधी बोलले नव्हते. मी त्याला पुढे बोलावलं आणि सगळ्यांसमोर म्हटलं, गजाननाने पेरलेली तासं सरळ होती. मोठ्या मायच्या डोळ्याचा पडदा खालून फुगला होता. हे त्यांना स्वतःला सांगायचं होतं, राहून गेलं. मी ती चित्रंही दाखवली. उंचवट्याचं, सपाट झाल्याचं, सगळी. म्हातारी माणसं हातात घेऊन उलटीसुलटी बघत होती.

गजाननाने शेवटचं चित्र हातात घेतलं. मग हळू आवाजात म्हणाला, “मले वाटलं, मोठ्या मायनं तोंड फिरवलं.”

“तोंड फिरवलं तेव्हाच त्यांना तू दिसत होतास.”

“दिसलो?”

तुम्ही पोळ्याच्या त्या संध्याकाळी मला जे म्हणाला होता ते मी त्याला जसंच्या तसं सांगितलं. “लय वाळला वं गज्या. निळा सदरा घालून आला व्हता, तोबी मोठा होते त्याले.”

त्याने खाली मान घातली. तोच सदरा अंगात होता. त्याने दोन्ही हातांनी तो पोटाशी धरला, आणि मग त्याला रडू आवरलं नाही.

ताई, तुम्ही बोलला असतात तर वाक्य याहून चांगलं झालं असतं. मी तुमचं काम केलं, पण ते तुमच्या तोंडून व्हायला हवं होतं, आणि त्याचं दुःख माझं जात नाही. चारचौघांत बोलायचा तुमचा हट्ट बरोबर होता की माझा फोन, हे भांडण मी एकटी अजून भांडते आहे.

गजानन पंधरा दिवस थांबला. दुसऱ्याची बैलजोडी घेतली आणि आपला हरभरा त्यानेच पेरला. बघायला माणसं आली होती. आता त्याला ‘वाकड्या’ म्हणणारे एक-दोघं अजून आहेत. नाव पडायला जितका वेळ लागतो, त्याहून जास्त पुसायला लागतो. पुन्हा पुण्याला गेला आहे, पण पुढच्या सोयाबीनला तीन शेतकऱ्यांनी त्याला आत्ताच सांगून ठेवलं आहे.

पळसाखाली खूण म्हणून मी उभी राहिले. हात किती वर धरायचा ते मला माहीत नव्हतं. तो लांबून ओरडला, “मॅडम, अजून थोडा वर! मोठी माय इथवर धरे!”

ईशान, मुक्ता, बाबांना सांगा, एकेक डोळा मिटून दाराच्या चौकटीकडे बघायचं. रेघ वाकडी दिसली तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जायचं. नाही दिसली तरी एकदा ते चित्र काढून घ्यायचं.

हरभरा उगवला आहे. काल सकाळी मी पळसाखाली गेले, खाली वाकले, आधी डावा डोळा मिटून पाहिलं, मग उजवा. ओळी या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत सरळ आहेत.